हैबतराव महाराजांनी पाठीवर राहुटी वाहिली ती हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. श्रीकुलस्वामिनी, जी डोंगरमाथ्यावर उघड्यावर बसते आणि कोणाकडे छप्पर मागत नाही, तीस नमस्कार करून, आणि ज्या धन्याचे मीठ खाल्ले त्याची क्षमा आगाऊच मागून, हे लिहिणे आरंभिले आहे. शके सोळाशे अठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, चैत्रमास. ते समयी या राज्यावर श्रीमंत हैबतराव महाराज राज्य करीत होते. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यांस ठाऊक आहे त्यांस सांगणे नको, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांनी आपलेच समजावे. महाराज प्रतापी, उदार, घोड्यावर उत्तम बसणारे, आणि विनोदी. विनोदाचे ऐसे की, महाराज बोलिले आणि दरबार हसला नाही ऐसे कधी घडले नाही. आणि त्यामुळे आपला विनोद चांगला आहे की आपले तख्त उंच आहे, हे महाराजांस कधी उमजले नाही.

महाराजांस एक वडील बहीण, मैनाबाई ताईसाहेब. यजमान लढाईत पडले तेव्हापासून त्या माहेरीच राहत. लहानपणी महाराजांस कडेवर घेऊन त्यांनीच वाढविले, घोड्यावर प्रथम त्यांनीच बसविले, आणि प्रथम पाडलेही त्यांनीच. काही वर्षांमागे ऐसे जाहले की, डोंगरउतारावरील दाट रान महाराजांनी शिकारीसाठी राखून ठेविले आणि धनगरांची मेंढरे तेथून हाकून लाविली. धनगर दरबारी गाऱ्हाणे घेऊन आले, त्यांस कोणी बोलू देईना, तेव्हा ताईसाहेब पडद्याबाहेर आल्या आणि भर दरबारात म्हणाल्या, "हैबत, वारा आणि गारा लागल्या की ही जनावरे झाडाखाली जातात. ते रान काढून घेतलेस तर ती कुठे जातील?" महाराजांस उत्तर सुचेना, आणि उत्तर न सुचले की विनोद करावा ही महाराजांची रीत. मग महाराज म्हणाले, "ताईसाहेबांस मेंढरांचा एवढा कळवळा, तर त्यांनी मेंढरांतच जाऊन राहावे. थंडी वाजली तर लोकर अंगावर येईलच." आणि दरबार हसला, आणि ऐसा हसला की झुंबरे हलली. ताईसाहेब हसणे सरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, "बरे. तुझ्या छपराखाली मी पुन्हा पाऊल टाकणार नाही." आणि अंगावरच्या वस्त्रानिशी पायी निघून गेल्या, आणि डोंगरावर बोडका माळ म्हणून उघडे पठार आहे तेथे धनगरांत जाऊन राहिल्या. महाराजांस वाटले राग दोन दिवसांत उतरेल. मग पालख्या पाठविल्या, त्या रिकाम्या परत आल्या. एक पालखी मात्र भरलेली आली. तीत शेळी व्याली होती.

ऐसे दिवस लोटले, आणि या चैत्रात मातुश्री आईसाहेब अंथरुणास खिळल्या, आणि वैद्यांनी नाडी सोडून देवाचे नाव घेतले. आईसाहेबांनी महाराजांस जवळ बोलाविले आणि म्हणाल्या, "मला औषध नको, मैनी पाहिजे. पालखी पाठवू नकोस, तू जा." महाराज बाहेर आले आणि डोळे पुसून माळावर निरोप धाडिला, आणि उलट निरोप घेऊन धुळाजी नावाचा एक म्हातारा धनगर आला, आणि दरबारच्या गालिच्यावर काठी टेकून बोलिला, "बाय म्हनली, येनं असंल तर चालत यावं. घोडं नको, पालखी नको, हुजऱ्या नको. दोनच मानसं. एक तू, आन् त्या दिशी जो समद्यांत मोठ्यानं हसला त्यो. ऱ्हायला आमच्यात जागा न्हाई. आपलं छप्पर आपल्या पाठीवर आनायचं, आपल्या हातानं उभं करायचं, आन् त्यात येक मुक्काम काढायचा. मंग बोलायचं का न्हाई ते ती बघंल." ऐसे बोलून, कोणी पाणी देईना म्हणून कारंज्याचेच पाणी पिऊन तो निघून गेला.

मग त्या दिवशी मोठ्याने कोण हसले याची चौकशी सुरू जाहली. हसण्याच्या दुसऱ्या दिवशी तर प्रत्येक जण सांगत होता की आपणच पहिले हसलो आणि आपणच शेवटी थांबलो. आणि आता सेनापती सुभानजी म्हणाले आमची दाढ दुखत होती, जोशीबुवा म्हणाले आम्हांस ठसका लागला होता, आणि कविराज म्हणाले आम्ही वरून हसलो परंतु आतून रडत होतो. दिवाण विसोपंत तर म्हणाले की त्या दिवशी आपण दरबारी होतो हेच आठवत नाही. इतक्यात हत्तीखान्याच्या महाताने अर्ज केला की, त्या दिवशी दरबारातून एक हसणे ऐसे आले की हत्तीण साखळी तोडून नदीपार गेली, आणि ते हसणे ती अजून ओळखते. मग विसोपंतांस हत्तिणीसमोर उभे करून हसावयास सांगितले. विसोपंत भीतभीत हसले, आणि हत्तीण मागे सरली. निवाडा जाहला. विसोपंत म्हणजे देहाने थोर, पालखीस नेहमीपेक्षा अधिक भोई लागत, आणि जिना चढणे हे त्यांच्या मते तरुण वयातील अविचाराचे काम होते. ते मटकन खाली बसले आणि म्हणाले, "महाराज, डोंगर खाली आणता येणार नाही काय?"

याउपरि राहुटीचा विचार निघाला. फरासखाना म्हणजे जेथे राज्याचे सगळे डेरे, तंबू आणि शामियाने राहतात, त्याचे दरोगा बुऱ्हाणमिया. त्यांनी मोठ्या डौलाने रंगमहाल नावाचा डेरा मैदानात उभा केला, आणि म्हणाले, "हुजूर, यात शंभर पान एका वेळी उठते, आणि आतून वाजविलेला चौघडा बाहेर ऐकू येत नाही." महाराज म्हणाले, "बुऱ्हाणमिया, हे पाठीवर न्यायचे आहे." "कोणाच्या पाठीवर, हुजूर?" "आमच्या." हे ऐकून बुऱ्हाणमिया डेऱ्याच्या दोरीस धरून उभे राहिले. मग दरबार भरला आणि राहुटी कैसी असावी यावर ज्याने त्याने मत दिले. सेनापती म्हणाले खांब लोखंडी असावेत, शत्रू आला तर उपटून मारता येतील. जोशीबुवा म्हणाले दार पूर्वेस असावे, बाकी काहीही असले तरी चालेल. कविराज म्हणाले रंग ऐसा असावा की चार कोसांवरून पाहून प्रजेस स्फुरण चढावे. आणि विसोपंत म्हणाले, "उंची ऐसी पाहिजे की आत शिरताना महाराजांस मान लववावी लागू नये. राजा वाकला तर राज्य वाकले." हे सर्वांस पटले, कारण यात कोणास काही करावे लागत नव्हते.

मग पहिली राहुटी जाहली ती सर्वांच्या मताने: जाड कापड, लोखंडी खांब, उंची हत्तीएवढी, रंग लालभडक. तिची गुंडाळी करून महाराजांच्या पाठीस बांधिली, आणि महाराज मोठ्या आवेशाने उठले, आणि उठले तैसेच मागे गेले, आणि कासव उलटे पडावे तैसे हातपाय वर करून पडले. सारा दरबार छताकडे पाहू लागला. कोणी म्हणाले नक्षी सुरेख आहे, कोणी म्हणाले पाकोळ्या फार जाहल्या. महाराज पडल्यापडल्या सर्वांची तोंडे पाहत राहिले, आणि जेथे खरोखर हसण्याजोगे होते तेथे कोणी हसेना, हे त्या दिवशी प्रथमच त्यांच्या ध्यानी आले.

दुसरी राहुटी एका परदेशी सौदागराने आणिली. ती रेशमाची, आणि इतकी हलकी की मुठीत मावे. विसोपंतांस ती फार आवडली, म्हणून त्यांसच आत बसविले, आणि पाऊस पडत नव्हता म्हणून हत्तीखान्यातून तीच हत्तीण आणून सोंडेने पाणी मारावयास लाविले. आता हत्तिणीच्या मनात मागचे काही होते की काय देव जाणे, परंतु तिने पाणी मारिले ते मनापासून मारिले. रेशीम विसोपंतांच्या अंगास ऐसे चिकटले की त्यांस कापून बाहेर काढावे लागले. तिसरी राहुटी मग मेणकापडाची केली, सर्व शिवणी मेणाने बुजवून, कोठे मुंगीस वाट नाही ऐसी. हत्तिणीने सोंड रिकामी केली, तरी आत थेंब गेला नाही. महाराज बहुत संतोष पावले आणि विसोपंतांसह दार लावून आत बसले, की आता येथे दुपारची वामकुक्षी करून पाहू. थोड्याच वेळात आत भट्टी जाहली. विसोपंतांचा श्वास वर जाई, मेणकापडास लागे, आणि तेथे थेंब होऊन महाराजांच्या मस्तकी पडे. विसोपंत म्हणाले, "महाराज, बाहेरचा एक थेंब आत आला नाही." महाराज म्हणाले, "होय विसोपंत. हा तुमचाच आहे."

मग महाराज खिन्न होऊन आईसाहेबांच्या उशाशी जाऊन बसले आणि सर्व हकीकत सांगितली. आईसाहेब इतक्या दिवसांत प्रथमच उशीवर उठून बसल्या. त्यांनी तरुणपणी थोरल्या महाराजांबरोबर मोहिमा केल्या होत्या, आणि तेव्हा दरबार बरोबर घेऊन मोहिमेस जाण्याची रीत नव्हती. त्या म्हणाल्या, "हैबत, राहुटी कशी हवी ते तू सगळ्यांना विचारलेस. जायचे कुठे ते कोणी विचारले का?" "बोडक्या माळावर." "तिथे झाड आहे?" "नाही." "मग हत्तीएवढी उंच कशाला? वारा उभ्याला पाडतो, बसलेल्याला नाही. ठेंगणी कर. वाकून आत जा, कोणी बघत नाही. माणसे किती?" "दोन." "विसोपंत धरून?" "होय." "मग अडीच. वर दोघांचे सामान, ओले जोडे, शिधा. माणसे दोन असली तर जागा तिघांची धर, नाहीतर सकाळपर्यंत तुमचे भांडण होईल. आणि मेणकापड एकटे लावू नकोस. आत पातळ मांजरपाटाचे कापड लाव, वर मेणकापड, मधे वीतभर जागा सोड, आणि दोन्ही टोकांना खाली वर वारा जायला वाट ठेव. ऊन भाकरी नुसती ताटावर ठेवली की खालून घाम येऊन ओली होते, म्हणून आपण दुरडीत ठेवतो. तुम्ही दोघे भाकरीपेक्षा वेगळे आहात का?" महाराज म्हणाले, "आणि खांब?" "वेळूचे. वाकतील, मोडणार नाहीत. पण खरे सांगू का, कापड कसलेही घे, उभी तुलाच करायची आहे. आधी इथे बागेत उभी कर. पाड. पुन्हा कर. चुकायचे ते इथे चूक, तिथे चुकायला सवड मिळणार नाही." एवढे बोलून त्या दमल्या आणि पुन्हा पडल्या, परंतु वैद्य म्हणाले नाडी बरी आहे.

बुऱ्हाणमियांनी मग तशी राहुटी स्वतः बसून शिविली. ज्या हातांनी रंगमहाल सजविला त्या हातांनी एवढीशी वस्तू शिवताना त्यांस प्रथम लाज वाटली, आणि पुढे पुढे गंमत वाटू लागली, आणि शेवटी तर ते कोणास हात लावू देईनात. मग महाराज आणि दिवाण रोज सकाळी बागेत राहुटी उभारू लागले. पहिल्या दिवशी महाराजांनी खांब उभा केला आणि विसोपंतांनी दोरी ओढिली, आणि खांब विसोपंतांकडे गेला. दुसऱ्या दिवशी महाराजांनी ओढिली, तो राहुटी दोघांवर बसली आणि आत पोत्यात दोन मांजरे सापडावी तैसी गडबड जाहली. आतून आवाज येत, "ही माझी दोरी." "महाराज, ही माझी शेंडी." परंतु हळूहळू हाताला वळण लागले. वाऱ्याकडची मेख आधी, मेख तिरपी, दोरी ताणावी परंतु रडवू नये, हे त्यांचे त्यांस कळले. महाराजांस ऐसे वाटले की, जन्मास येऊन आपल्या हाताने उभी केलेली ही पहिली वस्तू, आणि मग ते तिच्याकडे उगाच दोन वेळा वळून पाहत. ओझे वाटून घेतले ते ऐसे: कापड महाराजांच्या पाठीवर, आणि वेळू, मेखा, दोऱ्या विसोपंतांच्या. दोघांतील एकाने वाटेतून पळून जाऊ नये याची याहून चांगली तजवीज नाही.

मग निघाले. वेशीपर्यंत दरबार पोहोचवावयास आला, कविराजांनी राहुटीवर एक दीर्घ कविता म्हटली, ती सरेपर्यंत महाराज ओझ्यासह उभे राहिले, आणि कवितेचे वजन वेगळे. पुढे चढण लागली. विसोपंतांनी आपल्या गाठोड्यात कोणास न सांगता चांदीचे पानदान, एक तक्क्या आणि पिकदाणी घातली होती. पहिल्या टेकाडावर पिकदाणी एका गुराख्यास दिली, त्याने तीत म्हशीसाठी पेंड कालविली. दुसऱ्या टेकाडावर तक्क्या एका खडकास टेकून ठेविला आणि पुन्हा पुन्हा वळून त्याकडे पाहिले. पानदान मात्र सुटेना. अर्ध्या वाटेवर दोघे एका कातळावर बसले, आणि विसोपंत घाम पुसत म्हणाले, "महाराज, राग नसावा, एक सांगू? त्या दिवशी मी का हसलो, माहीत आहे? विनोद मला समजलाही नव्हता." "मग?" "बोलून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. तुम्ही पाहिलेत, म्हणून हसलो." महाराजांनी पाठीवरचे ओझे सारखे केले. मग म्हणाले, "मी कोणाकडे पाहायला हवे होते, विसोपंत?" विसोपंत म्हणाले, "ताईसाहेबांकडे." आणि आपण काय बोललो हे ध्यानी येऊन भ्याले, आणि पानदान तेथेच कातळावर ठेवून झपाझपा चढू लागले.

दिवस बराच वर आला तेव्हा माळावर पोहोचले. झाड नाही, झुडूप नाही, नुसता वारा. दूर एका दगडावर ताईसाहेब बसल्या होत्या. घोंगडी पांघरलेली, हाती काठी, केस पांढरे जाहलेले. महाराजांनी ओळखिले, आणि "ताई" म्हणून हाक मारिली. ताईसाहेबांनी पाहिले आणि मान फिरविली. मग महाराजांनी मुकाट्याने गाठोडे सोडिले. जागा पाहिली ती उंचवट्यावरची, दगड वेचिले, आणि जोशीबुवांची आज्ञा म्हणून राहुटीचे दार पूर्वेस केले. वाऱ्याकडची मेख, मग उलट बाजूची, मग वेळू, मग दोऱ्या. दोघे घामाघूम जाहले, परंतु राहुटी एका दमात उभी राहिली. महाराजांस वाटले ताई काही म्हणेल. ताईसाहेबांनी आभाळाकडे पाहिले. मग दगडावर बसल्याबसल्याच ओरडून म्हणाल्या, "दार फिरव! वळीव पूर्वेकडून येतो!" इतक्या वर्षांनी बहीण भावाशी बोलली, ती हे बोलली. महाराजांस हे शब्द मोठ्या मानपत्रासारखे वाटले, आणि त्यांनी जोशीबुवांस मनातल्या मनात एक शब्द योजून, सगळ्या मेखा पुन्हा उपटल्या.

दार पश्चिमेस करून शेवटची मेख ठोकितात तो पूर्वेकडे आभाळ जांभळे जाहले आणि भर दिवसा अंधारले. धनगर मेंढरे घेऊन माळाच्या पलीकडे कड्याच्या आडोशास धावले. परंतु एक मेंढी मागे राहून नुकतीच व्याली होती, आणि ताईसाहेब तिची दोन कोकरे उचलावयास उलट्या फिरल्या, आणि इतक्यात गारा आल्या. लिंबाएवढ्या गारा, आणि वारा ऐसा की माणूस उभा राहीना. ताईसाहेब दोन्ही कोकरे घोंगडीत घेऊन उघड्यावर सापडल्या. महाराज राहुटीच्या दारातून ओरडले, "ताई, आत ये!" ताईसाहेब चार पावले आल्या आणि थबकल्या. डोक्यावर गारा पडत होत्या तरी थबकल्या, आणि ओरडून म्हणाल्या, "मी शब्द दिला आहे. तुझ्या छपराखाली येणार नाही." महाराज गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. शिरपेच कधीच उडाला होता. म्हणाले, "हे राज्याचे छप्पर नाही, ताई! हे मी पाठीवर आणले आहे! हवे तर हे तुझे, मी बाहेर थांबतो!" आणि खरेच तिच्यापुढे गारांत उभे राहिले. ताईसाहेबांनी भावाचे कपाळ फुटून रक्त आलेले पाहिले. मग त्याच्या दंडास धरून, लहानपणी धरीत तैसेच धरून, म्हणाल्या, "मूर्खा, चल आत," आणि दोघे कोकरांसह वाकून आत शिरले.

आत शिरतात तो वाऱ्याने राहुटीची एक मेख उपटली, आणि तो कोपरा फडफडू लागला, आणि आता सगळेच उडून जाणार. महाराजांनी दोन्ही हातांनी वेळू धरिला. तेव्हा विसोपंत, ज्यांनी जन्मात ओल्या जमिनीस पाऊल लाविले नाही, ते पोटावर सरपटत बाहेर गेले, सुटलेली दोरी कमरेस गुंडाळिली, आणि त्या कोपऱ्यावर बैठक मारून बसले. डोक्यावर त्यांनी शिधा शिजवावयाचे पातेले घेतले होते, आणि त्यावर गारा नगाऱ्यासारख्या वाजत होत्या. वाऱ्याने पुष्कळ जोर केला. परंतु जे राज्याच्या भोयांस जमले नाही ते वाऱ्यास काय जमणार. विसोपंत हलले नाहीत, राहुटी राहिली.

आत बहीणभाऊ गुडघ्यास गुडघा लावून बसले होते. कोकरे थरथरत होती. ताईसाहेबांनी पदर फाडून महाराजांच्या कपाळास बांधिला. महाराज म्हणाले, "ताई, मी हसवण्यापुरते बोललो होतो." "हसवलेस. सगळे हसले," ताईसाहेब म्हणाल्या, "मी तुला हाताला धरून चालायला शिकवले, हैबत. मला राग विनोदाचा नाही आला. तू उत्तर दिले नाहीस, याचा आला. आणि मग एवढ्या वर्षांत एकदा तरी स्वतः यावेसे वाटले नाही?" महाराज म्हणाले, "वाटले. पण चारशे माणसे बरोबर घेतल्याशिवाय कुठे जाता येते, हेच मला ठाऊक नव्हते. आणि चारशे माणसांसमोर मला चुकलो म्हणता आले नसते." "आता किती आहेत?" "तू आहेस. ही दोन कोकरे. आणि विसोपंत, पण त्यांना पातेल्यामुळे काही ऐकू येत नसणार." "मग म्हण." महाराजांनी वेळू धरिलाच होता, हात सोडिता येईना, डोळे पुसता येईनात. म्हणाले, "मी चुकलो, ताई." मग ताईसाहेबांनी एक कोकरू त्यांच्या मांडीवर ठेविले, आणि थोड्या वेळाने विचारिले, "आई कशी आहे?" महाराज म्हणाले, "दाराकडे बघत असते."

गारा थांबल्या. बाहेर माळ पांढरा जाहला होता. विसोपंत निळे पडले होते, त्यांस ताईसाहेबांनी आपल्या हाताने घोंगडीत गुंडाळिले, आणि म्हणाल्या, "विसोपंत, त्या दिवशीचे तुमचे हसणे मी विसरले." विसोपंतांचे दात वाजत होते, त्यातून त्यांनी मुजरा केला. मग तिघे माळापलीकडे गेले. कड्याच्या आडोशास सगळी मेंढरे मावली नव्हती. जी बाहेर राहिली ती गारांनी मरून पडली होती, आणि धुळाजी त्यांच्यामध्ये काठी टाकून बसला होता, आणि कोकरांची आईही तेथे वाटेत पडली होती. खाली उतारावर शिकारीचे राखीव रान दिसत होते, दाट, हिरवे, आणि रिकामे. महाराजांनी मेंढरे पाहिली, मग रान पाहिले. तेथे विनोद सुचण्याजोगे काही नव्हते. मग म्हणाले, "रान मोकळे केले." धुळाजीने वर पाहिले नाही. ताईसाहेब म्हणाल्या, "हे दरबारात सांग. मेंढरांना सांगून काय उपयोग?" मग बोलीप्रमाणे तो मुक्काम तिघांनी त्याच राहुटीत केला. दिवाणांच्या घोरण्याने कोकरे सोडून कोणास झोप आली नाही, आणि बहीणभाऊ लहानपणच्या घोड्यांची नावे आठवीत बसले.

दुसऱ्या दिवशी तिघे उतरून राजधानीस आले, आणि आईसाहेबांकडे जाण्याआधी महाराजांनी दरबार भरविला, चिखलाच्या पायांनी तख्तावर बसले, आणि ताईसाहेब उंबऱ्याबाहेरून ऐकत असता म्हणाले, "आम्ही त्या दिवशी चुकलो. डोंगरउताराचे रान आजपासून मेंढरांस मोकळे आहे, आणि नुकसानीची मेंढरे सरकारातून द्यावी." दरबारास काय करावे सुचेना. हसावे की न हसावे म्हणून सर्वांनी विसोपंतांकडे पाहिले, आणि विसोपंत शिंकले. मग आपला शब्द फिटला ऐसे मानून ताईसाहेब उंबरा ओलांडून आईसाहेबांच्या खोलीत गेल्या. आईसाहेबांची नजर मंद जाहली होती. म्हणाल्या, "कोण आले?" ताईसाहेबांनी नुसता हात हातात दिला. आईसाहेबांनी तो चाचपून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाल्या, "मैने, हात किती खडबडीत झाले गं." ताईसाहेब म्हणाल्या, "मेंढरांत असतात तसेच, आई." आईसाहेब कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "राहू देत. पाठीवरून फिरव जरा. किती दिवस खाजते आहे, या दासींचे हात फार मऊ."

ऐसे हे वर्तमान जाहले. आईसाहेब तो चातुर्मासभर जगल्या आणि मुलीच्या मांडीवर सुखरूप गेल्या. ताईसाहेब पुन्हा माळावर परतल्या, कारण तेथे त्यांस काम होते, आणि महाराज दरसाल वळीव सरल्यावर पायी त्यांस भेटावयास जात. राज्यात ठेंगण्या राहुट्यांची मोठी चाल पडली. सरदारांनी एकाहून एक भारी शिवविल्या आणि नोकरांकडून उभारविल्या, त्या पहिल्याच वाऱ्यात उडाल्या. राहुटी कोणती बरी ऐसे कोणी पुसेल, तर आम्ही लिहिणारे, आम्ही कधी डोंगर चढलो नाही, आम्हांस विचारू नये. जे घडले ते लिहिले. शाई सरली, येथे लेखणी ठेवितो.